भट्टीतली काळी काच

१२ जानेवारी

आजपासून मी माणसांत आलो, असं बायकोचं म्हणणं आहे. इतकी वर्षं मी कशात होतो ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. कचरा डेपोच्या वजनकाट्यावर बसायचं, येणारा प्रत्येक ट्रक तोलायचा, संध्याकाळी घरी येऊन अंगाला साबण घासायचा आणि तरीही तिने जेवताना खुर्ची जरा लांब सरकवायची, हा आमचा संसार. आता मी नव्या भट्टीच्या नियंत्रण कक्षाचा प्रमुख आहे. काचेची खोली, थंडगार हवा, फिरती खुर्ची. आज तिने खुर्ची सरकवली नाही.

भट्टीचं इथेच लिहून ठेवतो, घरात कुणी ऐकून घेत नाही. कचरा नुसता जाळला की धूर होतो आणि राख उरते. आमच्या भट्टीत तो वितळतो. तळाशी कोक म्हणजे भाजलेला दगडी कोळसा, बाजूने ब्लोअरची हवा, आणि लोखंडाचंही पाणी होईल इतकी उष्णता. अख्ख्या शहराचा उकिरडा तिथे पातळ होतो आणि खालच्या तोंडातून लाल धार लागते. गार झाली की काळी काच. वास नाही, माशी नाही. मोठे साहेब म्हणतात, काही वर्षांत डेपोचा डोंगर सपाट होईल आणि तिथे बाग करू.

ताईला सांगायला गेलो. आईवडील गेले तेव्हा मी पाटीवर अक्षरं गिरवत होतो आणि ही डेपोवर कचरा वेचायला लागली. माझी शाळा, माझं कॉलेज, सगळं तिने कचऱ्यातून काढलं. अजूनही ती तिथेच असते, वेचणाऱ्या बायकांची पुढारी म्हणून. बातमी ऐकून तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. हाताला वास होता. मी डोकं मागे घेतलं नाही, याची नोंद असावी.

१९ जानेवारी

मोठ्या साहेबांनी आज मला केबिनमध्ये बसवून चहा पाजला. काट्यावर असताना या माणसाने कधी माझ्याकडे मान वळवून पाहिलं नव्हतं. काम असं की आपल्या शहराचा कचरा ओला, नुसता ओला टाकला तर भट्टी गुदमरते. तिला ताप धरायला सुका कचरा हवा: पुठ्ठा, प्लास्टिक, चिंध्या. आणि नेमकं तेच बायका वेचून भंगारवाल्याला विकतात. तेव्हा उद्यापासून सुक्याला हात लावायचा नाही, हे त्यांना समजावायचं. साहेब म्हणाले, "तुम्ही घरचे. तुमचं ऐकतील."

मी गप्प बसणाऱ्यांतला नाही. विचारलं, मग त्या बायकांनी खायचं काय? त्यांना प्लांटमध्ये कामं मिळणार का? साहेब म्हणाले, "बघू ना. एवढा मोठा प्लांट, माणसं लागणारच." साहेबांसारखा माणूस याहून स्पष्ट काय बोलणार?

संध्याकाळी ताईच्या खोलीवर सगळ्या जमल्या होत्या. मी भट्टीचं शास्त्र समजावून सांगितलं. त्यांच्यात एक आहे, तिला सगळ्या ठसकी म्हणतात आणि ते खोटं नाही. ती म्हणाली, भट्टीला सुकं लागतं तसं आमच्या पोटालाही लागतं. बायका हसल्या. ताई हसली नाही. तिने विचारलं, "कामं देणार हे साहेब बोलला, की तू बोलतोयस?"

"मी बोललो काय आणि साहेब बोलले काय, एकच," मी म्हणालो.

 ती बायकांकडे वळून म्हणाली, "माझा भाऊ शब्द देतोय. मी जामीन आहे."  घरी येताना मला वाटलं, माणसाला आयुष्यात एकदा तरी असं कुणाच्या उपयोगी पडता यावं.

२ फेब्रुवारी

भट्टी पेटली आणि दुपारी तोंड उघडलं. लाल धार पडली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धुराने नाही, धूर नव्हताच. मोठे इंजिनिअर लोक टाळ्या वाजवत होते आणि मला वाटत होतं, सगळ्या जगाने यावं आणि बघावं.

कुंपणापलीकडे बायका उभ्या होत्या. सुक्या कचऱ्याचे ट्रक त्यांच्या समोरून सरळ आत येत होते. मी काचेतून हात केला. ताईने केला, बाकीच्यांनी नाही. लोकांना नव्या गोष्टीची सवय व्हायला वेळ लागतो.

२१ फेब्रुवारी

कामांचं विचारलं. साहेब म्हणाले, आधी भट्टी स्थिरस्थावर होऊ दे. पटण्यासारखं आहे. शिवाय हा प्लांट बटणांवर चालतो, प्रत्येक पाळीला चार माणसं खूप होतात, हे मला आता दिसतंय. पण बाग वगैरे व्हायची आहे, त्यात लागतील.

ताई दोन रविवार जेवायला आली नाही. बायको म्हणते बरंच झालं, पण चेहऱ्यावरून ती मनापासून म्हणत नव्हती. आज भंगारवाल्याच्या दुकानावरून येताना ताईची दोन मोठी पातेली तिथे टांगलेली दिसली. मला बरं वाटलं. एकट्या बाईला एवढी मोठी भांडी कशाला हवीत, घरात अडगळ नको, असं मी तिला वर्षानुवर्षं सांगत आलोय. उशिरा का होईना, ऐकलं.

११ मार्च

ठसकीने आज गेटवर तमाशा केला. तोंडाला पानं पुसली, बहिणीला पुढे करून आम्हाला गंडवलं, असं काय काय. कंट्रोल रूममधले दोघे पोरगे माझ्याकडे बघून आपसांत हसत होते. शेवटी ताई आली आणि तिला दंड धरून घेऊन गेली. जाताना ठसकी तिलाही बोलत होती, आणि ताई ऐकून घेत होती. खाली मान घालून.

मला राग ताईचा आला. एक शब्द बोलायला काय झालं होतं? माझा भाऊ शब्दाचा पक्का आहे, थोडी कळ काढा, एवढं तरी. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात. इथे तर घर अजून फिरलेलंही नाही.

बायकोने आज न विचारता एक डबा जास्तीचा भरला. कुणासाठी म्हणालो तर म्हणाली, मांजरासाठी. आमच्याकडे मांजर नाही.

२५ मार्च

परवा मोठे पाहुणे येणार. भट्टीचं रीतसर उद्घाटन, वर्तमानपत्रवाले, सगळं. ज्या भट्टीने दोन महिने कचरा खाल्ला तिचं आता उद्घाटन, म्हणजे वरातीमागून घोडं, पण ते असो. पाहुण्यांना भट्टीच्या तोंडासमोर उभं राहून भाषण करायचंय. अडचण अशी की ब्लोअर चालू असला की शेजारच्या माणसाचंही बोलणं ऐकू येत नाही. आणि समोर इतकी धग असते की पाहुण्यांचा कोट भिजून जाईल.

साहेबांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, ब्लोअर थोडा वेळ बंद ठेवता येईल का? खरं म्हणजे हवा थांबली की तळातला रस घट्ट व्हायला लागतो. फार वेळ थांबली तर तोंड बंद. पण सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, अर्धा तास काही होत नाही. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि इंजिनिअर लोकांना म्हणाले, "हे आमच्या भट्टीचे सर्वेसर्वा. हे म्हणतात तर जबाबदारी यांची." इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी असं चारचौघांत म्हणालं.

२७ मार्च

लिहायला हात धजत नाही.

पाहुणे निघाले असा फोन आला आणि साहेबांनी खूण केली. मी ब्लोअर बंद केला. पाहुणे वाटेत दुसऱ्या उद्घाटनाला थांबले. आले ते उशिराच. मग स्वागत, मग साहेबांचं प्रास्ताविक, मग पाहुणे बोलायला उभे राहिले ते बसेचनात. स्वच्छतेवर बोलले, त्यांच्या लहानपणावर बोलले, त्यांच्या मातोश्रींवर बोलले. काचेतून मी तापमानाचा आकडा उतरताना बघत होतो. साहेबांना हातवारे केले. त्यांनी हसून मलाही हात केला. दुसऱ्यांदा केले तेव्हा त्यांनी पाहुण्यांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि पाहुण्यांनीही मला हात केला.

बटण माझ्या बोटाखाली होतं. दाबलं असतं तर भाषण बुडालं असतं, बाकी काही नाही. नाही दाबलं. भाषण संपलं, आभार झाले, टाळ्या झाल्या. टाळ्यांना माणसं हवीत म्हणून डेपोवरच्या बायकांनाही मागच्या रांगेत आणून बसवलं होतं, त्यांनीही वाजवल्या. मग पाहुण्यांनी तोंड उघडायची कळ दाबली आणि काहीच बाहेर आलं नाही. धार नाही, थेंब नाही. आत सगळा रस दगड झाला होता.

साहेबांनी सांगून टाकलं की भट्टी आज विश्रांतीवर आहे. वर्तमानपत्रवाल्यांनी लिहून घेतलं.

सगळे गेल्यावर ताई आत आली. मी काय झालं ते सांगितलं. "भाषण ऐकू यावं म्हणून चूल विझवलीत?" तिने विचारलं आणि हसायला लागली, पदर तोंडाला लावून, थांबेचना. किती दिवसांनी हसली. मलाही हसू फुटलं असतं, पण माझी नोकरी होती त्यात. मग डोळे पुसून म्हणाली, "आता भट्टी नाही. म्हणजे सुकं पुन्हा आमचं ना?" मी म्हणालो, अर्थात. दुसऱ्या कुणाचं असणार?

१ एप्रिल

सुक्या कचऱ्यावर ताडपत्री घातली आहे आणि दारावर पहारेकरी बसवला आहे. साहेब म्हणतात, भट्टी पुन्हा पेटेल तेव्हा लागेल, एक कागदही बाहेर जाता कामा नये. भट्टी बंद, कचरा बंद, बायका उपाशी. असा न्याय बघायला डोळे तरी कशाला दिले आहेत देवाने?

माझी काचेची खोली गेली. सर्वेसर्वा असल्यामुळे सगळी चूक माझी. पाहुणे नाही, साहेब नाही, मीच. चौकशीत साहेब म्हणाले, मी तर यांना विचारूनच केलं. आणि ते खोटंही नाही, हेच जिवाला लागतं. आता मला गोदामात एक खुर्ची दिली आहे, ती फिरत नाही. गरज सरो, वैद्य मरो. जेवताना बायकोने खुर्ची जवळ ओढली आणि माझ्या ताटात वाढत राहिली. 

६ एप्रिल

आज देवाने एक दार उघडलं.

भट्टीच्या तळाशी जमलेली काच फोडून काढल्याशिवाय ती पेटणार नाही. वरून जाता येत नाही. बाजूच्या लहान झडपेतून आत शिरायचं, वाकून, छिन्नी-हातोडीने फोडायचं आणि घमेल्याने बाहेर द्यायचं. बाहेरच्या ठेकेदाराची माणसं आत डोकावून परत गेली. तेव्हा साहेबांना माझी आठवण झाली. म्हणाले, "तुमच्या त्या बायका येतील का?"

पडत्या फळाची आज्ञा. मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं, सगळ्यांना घ्यायचं, आठवड्याला मजुरी, हातमोजे आणि डोळ्यांना चष्मे प्लांटचे, आणि मुकादम मी. साहेबांना घाई होती, ते सगळ्याला हो म्हणाले.

ताईकडे धावतच गेलो. दारातूनच म्हणालो, दिला होता ना शब्द? ठसकी तिथेच होती. तिने विचारलं, काम कुठे? मी म्हणालो, भट्टीत. आत. ती ताईकडे बघून म्हणाली, जिने गिळलं तिच्या पोटात. पण आली.

१४ एप्रिल

काम जोरात. ताई सगळ्यांच्या पुढे आत शिरते. ही काच ठिसूळ नाही. छिन्नी नेमकी फटीत बसली की मोठं ढेकूळ सुटतं, आणि ताईला फट दिसते. बायका आळीपाळीने आत जातात, बाहेर आल्या की कोळशाहून काळ्या दिसतात, पण तोंडं हसरी. ठसकी मला मुकादमसाहेब म्हणते आणि त्यात फारसं विष नसतं. मजुरी वेळेवर मिळाली. रविवारी ताई जेवायला आली, बायकोने तिला आग्रह करकरून वाढलं. तिच्या खोलीवर गेलो तर तीच मोठी पातेली पुन्हा चुलीजवळ. माणसाची खोड जात नाही.

काचेचा कण उडून तिच्या मनगटाला लागलाय. हातमोज्याच्या वर. मी औषध लावून दिलं.

१९ एप्रिल

इंजिनिअर आले होते. म्हणाले, याच गतीने गेलात तर लवकरच तळ दिसेल. ताई झडपेपाशी बसून पाणी पीत होती, तिने ऐकलं. जेवणाच्या सुट्टीत मला बाजूला घेऊन विचारलं, "हे संपलं की काय?"

"मग भट्टी पेटेल."

"आणि आम्ही?"

मी म्हणालो, साहेबांशी बोलेन. खरं सांगायचं तर साहेब माझं तोंडही पाहत नाहीत, पण तिला कशाला घोर लावायचा? तिने मान हलवली. जाऊन बायकांमध्ये बसली, त्यांचं काहीतरी हळू आवाजात चाललं होतं. मी जवळ गेलो तर गप्प झाल्या. बायकांच्या गोष्टी, आपण लक्ष घालू नये.

२८ एप्रिल

काम मंदावलंय. घमेली अर्धी येतात. साहेबांनी बोलावून झापलं, की उंटावरून शेळ्या हाकू नका, आत जाऊन बघा. तेच हे बोलतात!

आज झडपेतून मी स्वतः आत शिरलो. दिव्याच्या उजेडात ताई गुडघ्यांवर बसून फोडत होती. आजारी माणसाचं दार ठोठावावं तशी हातोडी पडत होती. टक, टक. चूर तेवढा उडतो, ढेकूळ हलत नाही. याच हातांनी ती भरलेली पोती पाठीवर टाकायची आणि वर मला कडेवर घ्यायची.  म्हातारी झाली माझी ताई आणि मला कळलंच नाही. बाकीच्याही तशाच, एकजात थकलेल्या. ठसकी तर छिन्नी धरून नुसती बसली होती.

मी म्हणालो, ताई, तू बाहेर बस, मी सांभाळून घेतो. ती म्हणाली, "काच कठीण आहे रे, धाकट्या. वेळ लागणारच." तिचा आवाजही दमलेला होता. मी बाहेर आलो. मला रडू येत होतं आणि तिला दिसायला नको होतं.

२ मे

रात्रभर विचार केला. आयुष्यभर या बाईने माझ्यासाठी हाडं झिजवली आणि मी तिला कुठे नेऊन ठेवलं? विझलेल्या भट्टीच्या पोटात. शब्द पाळला म्हणून छाती काढून फिरत होतो. शब्द कसला, शिक्षाच ती.

सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये न विचारता घुसलो. जन्मात कुणाशी भांडलो नाही तसा भांडलो. म्हणालो, माणसांना मारायला निघालात काय, रस्ते फोडायचं हवेवर चालणारं यंत्र मिळतं, ते मागवा. साहेब आधी चिडले, मग थांबले. इंजिनिअरला फोन लावला. झडपेतून जाईल असं लहान यंत्र मिळतं म्हणे. साहेब चक्क उठून उभे राहिले आणि म्हणाले, "हे आधी का नाही सुचलं तुम्हाला?" पुढच्या महिन्यात माझं काचेच्या खोलीचं पुन्हा बघू म्हणाले.

ताईला सांगितलं नाही. तिला समोर यंत्र दाखवून चकित करायचं ठरवलंय. बायकोला सांगितलं. ती भांडी घासत होती, हात थांबले. म्हणाली, ताईंना विचारलंत का? मी म्हणालो, उपकार करताना विचारतात का? तिने नळ मोठा सोडला.

६ मे

यंत्र सकाळी आलं. दोन माणसं आणि कॉम्प्रेसर. बायका हातमोजे चढवत होत्या. माणूस आत गेला, यंत्र सुरू झालं आणि एकामागून एक ढेकळं बाहेर यायला लागली. ज्या ढेकळावर ताई आठवडाभर हातोडी आपटत होती ते बघता बघता सुटलं. यंत्रवाला म्हणाला, उद्या संध्याकाळपर्यंत तळ मोकळा करून देतो.

मी ताईकडे गेलो. ती कॉम्प्रेसरसमोर नुसती उभी होती. मी कानाशी ओरडून सांगितलं, आता तुला हातोडी धरायची नाही. तुझ्यासाठी भांडून आणलंय.

यंत्र मध्येच थांबलं तेव्हा ती म्हणाली, "कुणी सांगितलं होतं तुला?"

"कुणी कशाला सांगायला हवं? तुझे हाल मला दिसत नाहीत का? मला काय डोळे नाहीत?"

"नाहीत," ताई म्हणाली.

एवढंच. ओरडली नाही, रडली नाही. ठसकी काहीतरी बोलायला पुढे झाली तर तिला हातानेच थांबवलं. मग सगळ्यांचे हातमोजे आणि चष्मे गोळा केले, झटकले, आणि माझ्या पायाशी नीट रचून ठेवले. बायका गेटबाहेर गेल्या. ताई सगळ्यांच्या मागून गेली, मागे न बघता. पलीकडे ताडपत्री काढून सुका कचरा भट्टीकडे न्यायची तयारी सुरू झाली होती.

ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं. थकव्याने माणूस चिडतो, मी मनावर घेत नाही. दोन दिवस घरी पडून राहील, पाठ मोकळी होईल, मग तिलाच कळेल. रविवारी तिला जेवायला बोलवायचं बायकोला सांगितलं, तर बायको म्हणाली, तुम्हीच बोलवा. बोलवीन. बहीण आहे माझी, येईल.